घुमट नसलेली मशीद

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या वर्धापनदिनाला कशावर बोलणार असे समितीने विचारले, तेव्हा आम्ही "ढाका शहरातील एक मशीद" असा विषय कळवला. त्यावर थोडी कुजबुज झाली हे आमच्या कानावर आले आहे. विहारात मशिदीचे काय काम, असे काही ज्येष्ठांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मशीद म्हटली की चर्चा होते ती भोंग्याची नाहीतर भांडणाची. तिच्या विटांची, तिच्यात उजेड कुठून येतो याची चर्चा कोणी करत नाही. आज आम्हाला तेवढीच करायची आहे.

आणि ती करण्याला कारण आहे. आपल्या विहाराच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव समितीपुढे आहे. त्याचे रंगीत चित्र बाहेर फळ्यावर लावलेले आहे, ते सर्वांनी पाहिले असेलच. स्लॅबवर सिमेंटचा घुमट, दर्शनी भागाला ग्रॅनाइट, आत पी.ओ.पी.चे छत, आणि सगळ्या खिडक्या बंद करून वातानुकूलन. चित्र देखणे आहे, यात वाद नाही. पण आम्ही बांधकामाच्या व्यवसायातली माणसे. आम्हाला चित्र दाखवले की आम्ही आधी विचारतो, वारा कुठून येणार? पाणी कुठे जाणार? त्या नादात आम्ही धर्माच्या आधुनिक इमारती धुंडाळत बसलो आणि हाती लागली ती ही मशीद. आम्ही तिचे नकाशे आणि छायाचित्रे पाहिली आहेत, त्यांच्याच आधारे बोलतो आहोत.

मशिदीचे नाव बैत-उर-रऊफ. ढाक्याच्या उत्तर भागात, उत्तरा नावाच्या उपनगराला लागून, फायदाबाद म्हणून वस्ती आहे तिथे ती उभी आहे. (नाव ऐकून हसू नका, वस्ती साधी कष्टकऱ्यांचीच आहे.) वास्तुशिल्पकार एक बाई आहेत, मरीना तबस्सुम. ढाक्यातच शिकलेल्या. ही मशीद २०१२ साली पुरी झाली आणि २०१६ साली तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार १९७७ पासून आहे, दर तीन वर्षांनी देतात, आणि मुस्लिम समाजाच्या उपयोगी पडणाऱ्या इमारतींसाठी तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. याच बाईंना २०२५ साली तो पुन्हा मिळाला. या वेळी कशासाठी, तर नदीच्या पुराने वारंवार उठावे लागणाऱ्या माणसांसाठी बांबूची, सोडून दुसरीकडे नेता येणारी छोटी घरे केली म्हणून. म्हणजे बाईंचा ओढा कुठे आहे ते लक्षात येईल.

तर मशिदीची सुरुवात झाली ती मरीनाबाईंच्या आजीपासून. आजीने आयुष्यात जवळची माणसे गमावली होती. त्या दुःखात तिने आपल्या मालकीच्या जमिनीचा एक तुकडा मशिदीसाठी देऊन टाकला. हे २००५ सालचे. आधी तिथे तात्पुरता निवारा उभा केला आणि लोक नमाज पढू लागले. पुढच्या वर्षी आजी गेली. मग नात वास्तुशिल्पकारही झाली, मालकाच्या जागीही तीच उभी राहिली, वर्गणी गोळा करायलाही तीच आणि बांधून घ्यायलाही तीच. पैसा स्थानिक लोकांचा. बांधकाम २००७ ला सुरू झाले आणि पुरे व्हायला २०१२ उजाडले. एका मजल्याच्या इमारतीला पाच वर्षे! ज्यांनी वर्गणीतून काही बांधले आहे त्यांना ही पाच वर्षे कशी गेली असतील ते सांगावे लागणार नाही.

आपल्याला यात महाउपासिका विशाखा आठवल्याशिवाय राहत नाही. श्रावस्तीला तिने आपल्या महालता दागिन्याचे मोल देऊन पूर्वाराम विहार बांधून दिला, अशी आपली परंपरा सांगते. धर्म वेगळे, काळ वेगळा, पण स्वतःजवळ होते ते दिले आणि त्यातून चार माणसांना बसायला जागा झाली, हे तेच. असो.

आता जागेची अडचण बघा. जमिनीचा तुकडा वेडावाकडा. त्यावर पहिले काम केले ते उंच जोते बांधण्याचे. बांगलादेशात पाण्याचा भरवसा नाही, म्हणून जोते हवेच. पण त्या जोत्याने दुसरेही काम केले. रस्त्याची गर्दी खाली राहिली आणि वर एक मोकळा कट्टा तयार झाला. दिवसभर तिथे पोरे खेळतात, म्हातारी माणसे गप्पा मारत अजानची वाट पाहत बसतात. नमाज दिवसातून पाच वेळा, बाकीचा वेळ जोते वस्तीचे. आम्हाला तर वाटते, या इमारतीतली सगळ्यात धार्मिक जागा हे जोतेच असेल! हे आमचे मत झाले, मौलवींना कदाचित पटणार नाही.

दुसरी अडचण दिशेची. मशिदीत सगळे मक्केकडे तोंड करून उभे राहतात. त्या दिशेला किब्ला म्हणतात. ती बदलता येत नाही. आणि जागेची रेषा त्या दिशेशी जुळत नव्हती, १३ अंशांचा फरक पडत होता. इमारत रस्त्याला धरून सरळ बांधली तर आत माणसे तिरपी उभी राहणार. किब्ल्याला धरून बांधली तर इमारत रस्त्याला वाकडी आणि वर्गणीतून बांधलेल्या मशिदीची कितीतरी जागा कोपऱ्या-कोपऱ्यांत वाया जाणार. आपल्याकडचा एखादा ठेकेदार म्हणाला असता, "चालतंय की, चटया तिरप्या टाका!"

मरीनाबाईंनी काय केले ते घरातल्या वस्तूंनी सांगतो. एक चौकोनी पाट घ्या. त्यावर गोल ताट ठेवा. आणि ताटात बर्फीची एक मोठी चौकोनी वडी ठेवा. आता वडी हवी तशी फिरवा. पाट हलत नाही, ताटाला तर दिशाच नसते, त्यामुळे वडी तिरपी झाली तरी डोळ्याला खुपत नाही. पाट म्हणजे मशिदीची बाहेरची विटांची चौकोनी भिंत, ७५ फूट लांब, ७५ फूट रुंद आणि २५ फूट उंच. ती जागेच्या रेषेत सरळ आहे. ताट म्हणजे आतली गोल भिंत. आणि वडी म्हणजे नमाजाचे दालन, ५५ फूट बाय ५५ फूट, १३ अंशांतून फिरवून बरोबर किब्ल्याकडे तोंड केलेले. बाहेरून येणाऱ्याला कळतसुद्धा नाही की आपण कधी वळलो.

गंमत इथे संपत नाही. गोल ताटात चौकोनी वडी ठेवली की चारी बाजूंना चंद्रकोरीसारखी जागा उरते. दुसऱ्या कोणी ती भरून टाकली असती, एखादे कपाट, एखादी खोली. इथे ती मोकळी ठेवली आणि तिथून वरचा उजेड खाली आणला. चार बाजूंना चार उजेडाचे चौक. शिवाय ताट पाटाच्या मधोमध ठेवले नाही, एका कोपऱ्याकडे सरकवले. त्यामुळे उरलेल्या दोन बाजूंना खोली मिळाली, तिथे खांबांची पडवी आणि वजूची, म्हणजे हातपाय धुण्याची, जागा बसली. एक इंच वाया गेलेला नाही. बाई घर चालवणारी असावी, असे आमच्या मंडळींनी नकाशा बघून म्हटले ते काही खोटे नाही.

ढाक्यात हा दिशेचा तिढा याआधीही एकाने सोडवला होता. अमेरिकन वास्तुशिल्पकार लुई कान यांनी तिथले संसद भवन बांधले. कान १९७४ ला वारले आणि इमारत १९८२ ला पुरी झाली. त्या संसदेला जोडून प्रार्थनागृह आहे, आणि सबंध इमारत एका रेषेत असताना ते प्रार्थनागृह तेवढे मक्केच्या दिशेने किंचित वळवलेले आहे. जगातली एवढी मोठी इमारत, पण तिचा एक भाग मान वळवून बघतो आहे! ढाक्यात वाढलेल्या आणि तिथेच वास्तुकला शिकलेल्या मुलीच्या डोळ्यांपुढे ती मान सतत असणार.

आता आत चला. नमाजाच्या दालनात मधे एकही खांब नाही. छत कडेच्या आठ खांबांवर उभे आहे. भिंतीवर गिलावा नाही, रंग नाही, लादी नाही, वीट उघडी. बाहेरच्या भिंतींत जागोजागी विटा न लावता जाळी सोडली आहे. वारा त्यातून ये-जा करतो, आणि ढाक्याच्या दमट उकाड्यात दालन थंड राहते. दिवसा दिव्याची गरज पडत नाही. छताला ठिकठिकाणी गोल भोके आहेत, कुठलीही रांग न धरता पाडलेली. त्यांतून उन्हाचे कवडसे खाली येतात आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहतात. सकाळच्या नमाजाला ते एकीकडे, दुपारच्या नमाजाला दुसरीकडे. नक्षीकामाला एक टका खर्च नाही, आणि नक्षी रोज ताजी! (टका म्हणजे तिकडचा रुपया.)

मशिदीत किब्ल्याच्या भिंतीला बहुधा कोरीव कोनाडा असतो, त्याला मेहराब म्हणतात. इथे कोनाडा नाही. भिंतीत एक उभी अरुंद फट आहे आणि तिच्यातून उजेडाची एक रेघ उतरते. बस्स, इकडे तोंड करा. फट अशी तिरकी ठेवली आहे की उजेड येतो, पण पलीकडच्या रस्त्यावरून जाणारी-येणारी माणसे दिसत नाहीत आणि नमाजात चित्त विचलित होत नाही.

हा उजेडाचा विचार आपल्याला परका वाटू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण सहलीला जातो, स्तूपासमोर फोटो काढतो आणि परततो. पुढच्या खेपेस थोडे थांबून बघा. खिडक्या चारी बाजूंना कोरणे शक्यच नव्हते, डोंगर होता. मग त्या शिल्पींनी सगळा उजेड दर्शनी भागातल्या पिंपळपानासारख्या एका मोठ्या गवाक्षातून आत घेतला. बाजूच्या खांबांमागे अंधार ठेवला आणि उजेड थेट स्तूपावर नेला. दोन हजार वर्षांपूर्वी ही अक्कल होती. आणि आज आपल्या अभ्यासिकेत भर दुपारी बारा वाजता पोरांना ट्यूबलाईट लावून वाचावे लागते.

विटेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तिथे आपला संबंध खरोखर येतो. बंगाल म्हणजे नद्यांनी आणलेल्या गाळाचा मुलूख. दगड जवळपास नाहीच. जे काही बांधायचे ते माती भाजून. म्हणून आठव्या शतकाच्या उत्तरार्धात पाल घराण्यातल्या धर्मपाल राजाने पहाडपूर इथे सोमपूर महाविहार उभारला तो विटांचा. मधे प्रचंड स्तूपवजा मंदिर, भोवती चौक आणि चौकाला लागून भिक्खूंच्या १७७ खोल्या. भिंतींवर भाजलेल्या मातीच्या हजारो चित्रफलकांची माळ. आणि पंधराव्या शतकात खान जहान अलीने बागेरहाट वसवले, तिथली प्रसिद्ध साठ घुमट मशीदही विटांची. १९८५ साली युनेस्कोने पहाडपूर आणि बागेरहाट दोन्ही एकाच वर्षी जागतिक वारशात घेतले. मरीनाबाईंनी बैत-उर-रऊफची प्रेरणा या सुलतानी काळातल्या विटांच्या मशिदींतून घेतली आहे. त्या मशिदी बांधणाऱ्या गवंड्यांच्या हाताला वीट कशी ठाऊक झाली, तर विहार बांधणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांमुळे. धर्म बदलला, राजे बदलले, भट्टी तीच राहिली.

त्याच २०१६ सालच्या पुरस्कारात बांगलादेशची आणखी एक इमारत होती. गायबांधा इथले फ्रेंडशिप सेंटर, काशेफ चौधरी यांचे. नदीकाठच्या गोरगरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे हे प्रशिक्षण केंद्र. सगळे विटांचे, आणि इतके बसके की छतावरचे गवत आजूबाजूच्या शेताच्या पातळीला येते. लांबून इमारत आहे हेच कळत नाही. त्याची कल्पना कुठून आली? महास्थानगडच्या प्राचीन अवशेषांवरून. त्या परिसरात आपल्या विहारांचे अवशेष आजही उघडे पडलेले आहेत. म्हणजे उत्खननात निघालेल्या त्या विटांवरून मुस्लिम देशातला एक तरुण वास्तुशिल्पकार शिकतो आणि जगातला मोठा पुरस्कार घेतो. आणि आम्ही काय शिकतो, ग्रॅनाइट!

आता मुख्य मुद्दा. या मशिदीला घुमट नाही. मिनार नाही. मग ती मशीद कशी, असे कोणीही विचारील.

त्याला उत्तर असे की अगदी सुरुवातीच्या मशिदीलाही नव्हते. इ.स. ६२२ मध्ये पैगंबर मक्केहून मदिनेला आले, तेव्हा त्यांच्या घरालगत जी मशीद झाली ती म्हणजे कच्च्या विटांच्या भिंतींचे अंगण, खजुराच्या बुंध्यांचे खांब आणि वर खजुराच्या झावळ्या. अजान द्यायला मिनार नव्हता. परंपरा सांगते की बिलाल एका उंच घराच्या छपरावर चढून हाक देत असे. हा बिलाल कोण? हबशी, पूर्वाश्रमीचा गुलाम. इस्लाममधली पहिली अजान त्याच्या कंठातली. मिनार पुढे आले, राज्ये आली तेव्हा.

आणि घुमट का आला? भक्तीसाठी नाही, गरजेसाठी. विटा किंवा दगड ओझे पेलतात, पण त्यांची लांब तुळई होत नाही, मोडते. मोठी जागा झाकायची तर कमान किंवा घुमट याशिवाय इलाज नव्हता. बागेरहाटची ती साठ घुमट मशीद बघा. नाव साठ घुमटांचे, पण प्रत्यक्षात ओळीने ७७ बुटके घुमट आहेत आणि आत ६० दगडी खांब. एवढे खांब का? कारण विटांचा एकेक घुमट थोडीच जागा झाकू शकतो, मग घुमटाला घुमट लावत जायचे आणि खाली खांबांचे रान होते. बैत-उर-रऊफमध्ये आरसीसी असल्यामुळे ५५ फुटांच्या दालनात मधे एकही खांब लागला नाही. घुमटाचे काम स्लॅबने केले. मग पुन्हा स्लॅबवर घुमट चढवायचा तो कशाला? छत्रीवर छत्री धरण्यासारखेच ते!

लोकांना हे सहज पटते असे मात्र नाही. तुर्कस्तानचे वेदात दालोकाय यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अंकारा शहरात मोठी मशीद बांधायची होती, तिच्या स्पर्धेत १९५७ साली त्यांचा नव्या धाटणीचा आराखडा पहिला आला. कामाला सुरुवातही झाली. पण विरोध इतका झाला की तो आराखडा रद्द करण्यात आला आणि त्या जागी जुन्या उस्मानी पद्धतीची, घुमटावर घुमट असलेली कोजातेपे मशीद बांधली, ती १९८७ ला पुरी झाली. दालोकाय गप्प बसले नाहीत. १९६९ साली इस्लामाबादच्या मशिदीसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ती त्यांनी जिंकली. तीच आजची फैसल मशीद, १९८६ साली पुरी झालेली. तिला घुमट नाही. वाळवंटातल्या तंबूसारखे काँक्रीटचे उतरते छप्पर आहे आणि चार कोपऱ्यांना चार बारीक मिनार. सुरुवातीला नाके मुरडणारे होतेच. आज पाकिस्तानची ओळख सांगायला त्याच मशिदीचे चित्र छापतात. म्हणजे लोकांना नवे आवडत नाही असे नाही, त्यांना थोडा वेळ लागतो.

आता आम्ही दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ते वकिली भाषण होईल. १९८६ साली याच आगाखान पुरस्काराने पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या भोंग नावाच्या खेड्यातली मशीद निवडली. तिथल्या एका जमीनदाराने ती १९३२ पासून पन्नास वर्षे खपून बांधली. सोनेरी नक्षी, आरसे, रंगीत फरश्या, घुमट, मिनार, जे जे सापडले ते ते तिच्यावर चढवलेले. शिकल्या-सवरलेल्या वास्तुशिल्पकारांना ती पाहून कसेसेच होते. तरीही पुरस्कार दिला, कारण सामान्य लोकांना काय सुंदर वाटते याचीही कदर झाली पाहिजे. त्यावर बरीच चर्चा झाली. पण आम्हाला तो निर्णय विचारात पाडतो.

कारण आपल्या वस्तीतला एखादा म्हातारा उठून आम्हाला म्हणेल, "साहेब, आमच्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवलं. देवळाची पायरी चढू दिली नाही. आता आमच्या पैशानं आमचा विहार बांधतोय, तर तो झगमगीत का नको? साधेपणा तुम्ही आम्हालाच का शिकवता?" या प्रश्नापुढे आमचे सगळे वीटपुराण थिटे पडते. दूरवरून आपला घुमट दिसावा, एस.टी.तून जाणाऱ्याने "हा बौद्ध विहार" म्हणून बोट दाखवावे, ही इच्छा स्वाभिमानाची आहे. तिला आम्ही हसणार नाही. झगमगाट गरिबांनी टाळावा आणि श्रीमंतांनी करावा असे सांगणारे आम्ही नव्हेत.

पण त्या म्हाताऱ्याला आम्ही नागपूरला घेऊन जाऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला दीक्षा दिली ती मोकळ्या मैदानात. तिथे ना घुमट होता ना कमान. होता तो जनसागर. दीक्षाभूमीचा स्तूप नंतर उभा राहिला, शिवदान मल यांच्या आराखड्याप्रमाणे, आणि त्याचे उद्घाटन डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. तो भव्य आहे, दुरून दिसतो, बोट दाखवावे असाच आहे. पण त्यात एक मोठी गोष्ट आहे जिच्याकडे आपले लक्ष जात नाही. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. नागपूरचा स्तूप पोकळ आहे. माणसे आत जातात, हजारोंनी आत बसतात. ज्यांना युगानुयुगे बाहेर उभे केले, त्यांच्यासाठी स्तूपाचाच आकार आतून मोकळा केला. रूप जुनेच राहिले, पण त्याला नवे काम दिले. असा घुमट असेल तर आम्ही स्वतः त्याच्यासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरू.

फळ्यावरच्या चित्रातला घुमट तसा नाही. तो स्लॅबच्या वर बसवलेला आहे आणि त्याच्या आत कोणी जाणार नाही. आत पाण्याची टाकी ठेवायची सोय केली आहे, असे नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले आहे. ते भगिनींनी वाचले की नाही ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. स्तूपाच्या आकारात सिंटेक्सची टाकी!

आमची विनंती समितीला एवढीच आहे की नकाशा मंजूर करण्याआधी त्यावर पाच-सहा रविवार बसावे. आपली जागा लहान आहे. उत्तरेला आणि पश्चिमेला शेजाऱ्यांच्या भिंती लागून आहेत, त्यामुळे त्या बाजूंनी उजेड मिळणार नाही, तो वरूनच आणावा लागेल. पूर्वेची भिंत विटांच्या जाळीची करता येईल. बुद्धमूर्तीच्या मागे प्लायवूडचे रंगीत प्रभामंडळ आणि फिरते दिवे लावण्याऐवजी वरच्या स्लॅबमध्ये एक लांबट झरोका सोडला तर सकाळच्या वंदनेला मूर्तीवर सूर्यप्रकाश येईल. रस्त्याच्या बाजूला तीन पायऱ्यांचे रुंद जोते घ्यावे. विहार बंद असला तरी म्हाताऱ्यांना टेकायला आणि पोरांना गोट्या खेळायला ते उपयोगी पडेल. ग्रॅनाइटचे पैसे वाचले तर अभ्यासिका एका मजल्याने वाढते, याचा हिशेब आम्ही खजिनदारांकडे लेखी दिलेला आहे. विहार वस्तीच्या नजरेत भरावा म्हणून दर्शनी भागात काय करता येईल, याचा विचार त्या म्हाताऱ्या मंडळींना सोबत घेऊनच करावा. त्यांना वगळून केलेला साधेपणा आम्हाला नको.

एक शंका हमखास निघणार, म्हणून उत्तर आताच देऊन ठेवतो. वर झरोका सोडला तर पावसाचे काय? ढाक्यात पाऊस आपल्या घाटमाथ्याएवढा नसला तरी भरपूर पडतो, आणि तिथे मशीद उभी आहे. झरोक्याभोवती गच्चीवर वीतभर उंच काँक्रीटचा कठडा ओतायचा, तोही स्लॅबबरोबर एकदमच, मागाहून जोडायचा नाही. मागाहून जोडला की सांधा गळतो. वर जाड काच थोडी उतरती बसवायची आणि गच्चीचा उतार झरोक्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवायचा. एवढे केले तर थेंब येणार नाही. गवंड्याने टाळाटाळ केली तर आम्हाला बोलवा, आम्ही सेंट्रिंगवर चढून उभे राहू.

मशिदीच्या नकाशाची आणि छायाचित्रांची प्रत ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी लावली आहे. ज्यांना पाट, ताट आणि वडीचे कोडे नीट कळले नसेल त्यांनी ती पाहावी, आणि काही विचारायचे असेल तर आता विचारावे. जयभीम, नमो बुद्धाय.